सोळा ऑगस्टच्या सभेत परमुलखाचे नाव कशाला?

वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेवरील एका गावाच्या उपसरपंच ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात दरवर्षी १६ ऑगस्टला, १९४२ च्या 'भारत छोडो' लढ्यात चिमूर आणि आष्टी येथे गेलेल्या हुतात्म्यांचे स्मरण होते, परंतु अलीकडे हजेरी घटत चालली आहे. तरुण मंडळाला या कार्यक्रमात जगभरच्या लढ्यांशी एकजुटीचा भाग घालावयाचा आहे. त्यावर ज्येष्ठांचे म्हणणे असे की, आपल्याच हुतात्म्यांची नावे पोरांना धड सांगता येत नाहीत, आणि १९४२ च्या लढ्याचा परमुलखाशी संबंधही नव्हता, तेव्हा ते ओझे कशाला उचलावे? या दोघांचे कसे जुळवावे, कार्यक्रम तारखेने घ्यावा की तिथीने, आणि तो भांडणाविना पार कसा पडावा, असे ताईंनी विचारले आहे. शाळामास्तर म्हणून आणि निवृत्तीनंतर नुसता गावकरी म्हणून मी असे कार्यक्रम जवळपास तीस वर्षे उभे केले आहेत, त्यांतले काही फसलेलेही आहेत, त्या आधारावर लिहितो.

ताई, ज्येष्ठांचे अर्धे म्हणणे खरे आहे, आणि त्याकडे मी पुढे येतोच. पण १९४२ च्या लढ्यात परमुलूख नव्हता, हे दुसरे अर्धे मात्र इतिहासाला धरून नाही. १४ जून १९४२ रोजी गांधीजींनी सेवाग्रामहून चीनचे तेव्हाचे नेते चँग कै-शेक यांना पत्र लिहिले आणि इंग्रजांनी भारत सोडावा ही आपली मागणी चीनच्या संरक्षणाला बाधा आणण्यासाठी नाही, असे त्यांना समजावून सांगितले. बरोबर महिन्याने, १४ जुलैला, वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने जो ठराव केला, त्यात मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेशात जे घडले ते येथे घडू नये, तसेच चीनवरील जपानचे दडपण आपल्या कृतीमुळे वाढू नये, ही काळजी स्पष्ट शब्दांत आलेली आहे. त्यानंतर चारच दिवसांनी गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक खुले पत्र लिहिले. मग ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला, ९ तारखेला पहाटे नेते पकडले गेले, आणि १६ तारखेला चिमूर व आष्टी पेटून उठले. म्हणजे जी हाक ऐकून किशोरवयीन बालाजी रायपूरकर चिमुरात गोळीला सामोरा गेला, ती हाक लिहिणाऱ्यांच्या मनात चीन आणि ब्रह्मदेशही होते, आणि ती लिहिली गेली ती तुमच्या गावाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या जवळ. ज्येष्ठांना हा क्रम तारखांसह शांतपणे सांगा. माझा अनुभव असा की, 'आंतरराष्ट्रीय एकजूट' हा शब्द उच्चारला की ते आडवे लागतात, पण 'वर्ध्याच्या ठरावात काय लिहिले होते' असे म्हटले की खुर्ची पुढे ओढून बसतात.

हा धागा नीट धरलात तर पुढचे साहित्य आपल्याच मुलखात सापडते. जपानने चीनवर लादलेल्या युद्धात चीनला मदत करण्यासाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत, कारण ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि पाचांमध्ये तेच वयाने थोरले होते, हे विदर्भातील शंभरांतील एकालाही माहीत नसते. दुसरीकडे, जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्यात येऊन गांधीजींना भेटले. 'नम्यो हो रेंगे क्यो' हा त्यांचा जप सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला आणि वर्ध्यातील विश्वशांती स्तूप त्यांच्याच संकल्पनेतून उभा राहिला. जपान महायुद्धात उतरल्यावर सेवाग्रामात राहणाऱ्या एका जपानी भिक्षूला पोलीस आश्रमातून घेऊन गेले. जपानी सैन्याने पोळलेल्या चीनला डॉक्टर पाठवणारी माणसे आणि जपानी भिक्षूला आपल्या प्रार्थनेत सामावून घेणारी माणसे एकाच परिसरात वावरत होती, ही गोष्ट मुलांना सांगून पाहा. राष्ट्र आणि माणूस यांत फरक असतो, हे समजावण्यासाठी मग वेगळे व्याख्यान लावावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव तर तुमच्या गावातील गुरुदेव सेवा मंडळ रोजच घेत असेल. त्यांना ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपूरला अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले, आणि तेच महाराज १९५५ मध्ये खंजिरी घेऊन जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. मंडळातील भजनी बुवांना एवढे एक सूत्र दिले तरी खंजिरीच्या साथीवर अर्धा तास ते पेलून नेतील.

आता माझी फजिती सांगतो. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षकांनी मोठ्या हौसेने हुतात्मा दिनाच्या मंडपात जगभरच्या क्रांतिकारकांच्या तसबिरी ओळीने टांगल्या होत्या. लॅटिन अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत एकवीस चेहरे होते आणि प्रत्येकाखाली सुबक अक्षरांत माहिती होती. कार्यक्रमानंतर एक म्हातारी बाई त्या ओळीतून हळूहळू फिरली आणि मला म्हणाली, "मास्तर, हे कोनाचे फोटू व्हय गा? आमच्या बुढ्याचा नाही लावला!" तिचा नवरा १९४२ च्या धरपकडीत नऊ महिने तुरुंगात होता आणि त्याचे नाव आमच्या एकाही फलकावर नव्हते. त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळतो. गावातील शेवटचे नाव शोधून लिहिल्याशिवाय बाहेरचे पहिले नाव फलकावर चढवायचे नाही. ज्येष्ठांचे जे अर्धे म्हणणे खरे आहे असे वर लिहिले, ते हे.

नावे शोधण्याचे काम जून महिन्यातच सुरू करावे लागते, ऑगस्टमध्ये ते होत नाही. शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर आणि कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी यांवरून वय, वडिलांचे नाव आणि त्या काळची आडनावे ताडून पाहता येतात. तहसील कार्यालयात स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाच्या यादीची विचारणा करावी, पण तिच्यावरच विसंबू नये, कारण ज्यांनी अर्जच केला नाही किंवा ज्यांना कागद जमवता आला नाही, ते तिच्यात नसतात. जयस्तंभावर किंवा हुतात्मा स्मारकावर कोरलेली नावे घरच्या लोकांना वाचून दाखवा. आडनाव चुकलेले असणे, बापाचे नाव मुलाला लागलेले असणे, हे मी तीन गावांत पाहिले आहे. घरोघरी जाताना वही आणि फोन दोन्ही जवळ ठेवावे आणि बोलणाऱ्याला मध्येच तारीख विचारून अडवू नये. 'त्या साली पऱ्हाटी कशी होती', 'तेव्हा पूर आला होता का', असे विचारले की साल आपोआप निघते. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच मांडावी, एवढी शिस्त मात्र व्यासपीठावर चढणाऱ्या प्रत्येकाला घालून द्या.

यादी तयार झाली की आणखी एक गोष्ट नजरेला येते. आष्टीच्या हुतात्म्यांत रशीद खान आहेत, डॉ. गोविंद मालपे आहेत आणि पंचम गोंड आहेत. गाव कोणाकोणाचे होते हे दाखवण्यासाठी एवढी तीन नावे एका दमात वाचणे पुरेसे असते, त्यावर एकात्मतेचे वेगळे भाषण ठेवू नका.

येथे थोडे थांबून दोन अवघड गोष्टींविषयी लिहितो, कारण बहुतेक आयोजक त्या टाळतात. पहिली अशी की, १६ ऑगस्टला केवळ हुतात्मेच मारले गेले नाहीत. चिमुरात आणि आष्टीत सरकारी अधिकारी आणि पोलीसही संतप्त जमावाच्या हातून मारले गेले आणि तीही आपल्यासारखीच देशी माणसे होती. हा भाग गाळून सांगितलेला इतिहास पोरांना पुढे कोठेतरी पुस्तकात भेटतो आणि मग त्यांचा आपल्या सगळ्याच सांगण्यावरचा विश्वास उडतो. आम्ही गेली अनेक वर्षे हुतात्म्यांच्या नावांनंतर 'त्या दिवशी मृत्यू पावलेल्या इतर सर्वांना' असे म्हणून एक मिनिट उभे राहतो. पहिल्या वर्षी दोघे-तिघे उठून गेले, त्यानंतर कोणी गेले नाही. दुसरी गोष्ट स्त्रियांची. १९ ऑगस्टला चिमुरात लष्कर आल्यावर तेथील स्त्रियांवर अत्याचार झाले आणि त्यांच्या चौकशीच्या मागणीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. पुढे चिमूर-आष्टीच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून काँग्रेस कार्यकर्त्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. आपल्या सभांत मात्र पुरुषांच्या शौर्याला एक तास मिळतो आणि स्त्रियांच्या वाट्याला 'माता-भगिनींवर अनन्वित' एवढे एक वाक्य येते. कोणत्याही पीडितेचे नाव किंवा घर सूचित होणार नाही याची काळजी घेऊन हा भाग बाईनेच सांगावा, असा माझा आग्रह आहे. बचत गटातील एखादी वाचणारी बाई हे काम उत्तम करते. युद्धात आणि लष्करी कारवाईत बाईच्या देहावर सूड उगवला जातो, हे जगभर घडत आले आहे, आणि हा दुवा ऐकणाऱ्या बाया स्वतःच जोडतात, व्यासपीठावरून तो जोडून द्यावा लागत नाही.

तरुण मंडळाला माझा सल्ला असा की, एका वर्षी बाहेरचा एकच लढा घ्या. एका संध्याकाळी पाच देश घेतले की एकही लक्षात राहत नाही. आणि तो निवडताना गावातील कोणत्या वस्तीला तो आपला वाटेल, हे पाहा. बौद्ध वस्तीत २० मार्चला महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे स्मरण होतच असते. दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे १९६० मध्ये कृष्णवर्णीयांना सदैव परवाना जवळ बाळगायला लावणाऱ्या जाचक कायद्याविरुद्ध जमलेल्या ६९ माणसांना पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि म्हणूनच तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी वंशभेदविरोधी दिन ठरवला. पाणी पिण्याचा हक्क आणि रस्त्याने मोकळे चालण्याचा हक्क या दोन गोष्टी लागोपाठच्या दिवशी सांगता येतात, याहून सोयीचे पंचांग कोणते हवे? ज्यांना अमेरिका अधिक जवळची वाटते त्यांच्यासाठी आधार आणखी जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचे होते. मराठी माणसाने जगाशी नाते जोडणे ही काही कालची टूम नाही.

नऊ ऑगस्टचा तिढा तुमच्याकडेही असेलच, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. त्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीसमोर क्रांतिदिन होतो आणि दुपारी गोंड वस्तीतून पिवळे दुपट्टे घातलेली मंडळी जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक काढतात. चौकात दोन्ही गट समोरासमोर आले की कोणाचा आवाज मोठा लावायचा यावरून वाद होतो, असे मी स्वतः सोडवलेले प्रसंग आहेत. १९८२ मध्ये ९ ऑगस्टला जिनेव्हा येथे आदिवासी लोकसमूहांच्या प्रश्नावरील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, त्यावरून ही तारीख आली आहे. आपल्या ऑगस्ट क्रांतीशी तिचा संबंध नसला तरी दोन्ही एकाच दिवशी पडल्या आहेत. पण आपल्या जिल्ह्यांत हे दोन इतिहास मुळात वेगळे नाहीतच. चंद्रपूरच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी गेलेले, इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके, १९३० मध्ये पुसदला बापूजी अणे यांनी केलेला जंगल सत्याग्रह आणि आष्टीचे पंचम गोंड, या तिन्ही ठिकाणी रान कोणाचे, जमीन कोणाची आणि त्यावर हुकूम कोणाचा, हाच प्रश्न आहे. आम्ही एका वर्षी दोन्ही गटांना एकत्र बसवून असे ठरवले की, सकाळचा कार्यक्रम गोंड वस्तीत होईल, झेंडावंदनाऐवजी शेडमाके यांच्या प्रतिमेला पहिला हार ग्रामपंचायतीच्या वतीने घातला जाईल, आणि दुपारी मिरवणूक जयस्तंभापाशी येऊन संपेल. ढोल आणि खंजिरी एकत्र वाजल्या. दोन्ही बाजूंची थोडी कुरकुर झाली, पण दुसऱ्या वर्षी ठरावाची गरजच पडली नाही.

सध्या चालू असलेल्या युद्धांविषयी सभेत बोलावे का, असे तरुण विचारतात. बोलावे, पण घोषणा देण्याआधी वाचून घ्यावे आणि मरणाऱ्या सामान्य माणसांची बाजू घ्यावी, सरकारांची नव्हे. पॅलेस्टाईनचा विषय निघाला तर गांधीजींचा नोव्हेंबर १९३८ मधील लेख सेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामातून, लिहिला गेला आहे, तो पूर्ण वाचावा. त्यात ज्यूंच्या यातनांविषयीची कळकळ आणि अरबांच्या भूमीवरील हक्काचा आग्रह या दोन्ही गोष्टी आहेत, आणि त्यातील एकच वाक्य फलकावर लिहिणारा दुसऱ्या गोष्टीवर अन्याय करतो. कोणत्याही परक्या देशाचा झेंडा मात्र मिरवू नका. त्याने विषय बाजूला राहतो आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या सुरू होतात.

एकजूट म्हणजे भाषण असा समज आपल्याकडे फार झाला आहे. १९३८ मध्ये चीनला डॉक्टर गेले, औषधे गेली, त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली, आणि म्हणूनच ती गोष्ट आठ दशकांनंतरही टिकून आहे. तुमच्या गावाने परदेशात पैसे पाठवण्याच्या भानगडीत पडू नये, त्याचे नियम वेगळे आणि किचकट आहेत. पण देण्याजोगे इतर पुष्कळ आहे. आम्ही एका हिरोशिमा दिनाला, म्हणजे ६ ऑगस्टला, गावातील मुलांकडून रक्तगटांची यादी करवून घेतली आणि ती ग्रामपंचायतीत लावली. चोळकर-कोटणीसांच्या स्मरणार्थ डिसेंबरमध्ये तालुक्याच्या डॉक्टरांकडून दिवसभर तपासणी ठेवली. आणि सर्वांत उपयोगी पडलेला उपक्रम तर अगदी घरचा होता. कापूस वेचायला आणि सोयाबीन सोंगायला मध्य प्रदेशातून आणि छत्तीसगडमधून जी कुटुंबे येतात, त्यांच्या लेकरांसाठी दोन महिने संध्याकाळी समाजमंदिरात दिवा आणि एक शिकवणारी पोरगी. शार्पव्हिलच्या परवान्याची गोष्ट ऐकलेल्या मुलांनीच तो सुरू केला, कारण त्या मजुरांना ओळखपत्रावाचून एका दुकानदाराने धान्य नाकारल्याचे त्यांनी पाहिले होते. याच कारणाने माझे असे मत बनले आहे की, दूरचा लढा सांगितल्यावर गावातील कोणती गोष्ट बदलली, हे विचारता येत नसेल तर तो भाग पुढच्या वर्षी गाळावा.

विदर्भातील अलीकडच्या घटनांचे स्मरणही याच मापाने मोजा. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावरील मोर्चात गोवारी समाजाची ११४ माणसे चेंगरून मेली, त्यांत बाया आणि लेकरे अधिक होती. ज्या गावांतून ती गेली होती, त्यांतील फार थोड्या गावांत तो दिवस पाळला जातो. तुमच्या गावात गोवारी घरे असतील तर त्यांना विचारून तो दिवस गावाचा करा. १९४२ च्या मानाने तो जवळचा आहे आणि सांगणारे अजून जिवंत आहेत.

व्यवस्थेचे थोडक्यात सांगतो. पोलीस ठाण्याला लेखी सूचना आठ दिवस आधी द्यावी आणि पोच घ्यावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद. प्रमुख पाहुणा बोलवायचा तर अध्यक्ष गावचाच ठेवा आणि पाहुण्याची वाट न पाहता वेळेवर सुरुवात करा. आम्ही एका पुढाऱ्याची तीन तास वाट पाहिली, तो आला तेव्हा समोर आयोजक, मायकवाला आणि दोन कुत्री उरली होती. सर्व पक्षांची माणसे समोर बसोत, व्यासपीठावर पक्षाचा गमछा नको. वर्गणीचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे, मग ती आठशे रुपयेच का असेना. १५ ऑगस्टची ग्रामसभा आदल्या दिवशी असते, तिच्यात कार्यक्रमाचा ठराव मांडून घ्या, म्हणजे तो तरुण मंडळाचा न राहता गावाचा होतो.

राहिला तारखेचा प्रश्न. १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस नागपंचमीचा होता, आणि म्हणूनच जुन्या बाया त्या दिवसाची आठवण तारखेने नव्हे तर सणाने सांगतात. इंग्रजी तारखेला ऐन डवरणी-निंदणाचे दिवस असतात, उघडीप असली तर सगळे गाव शेतात असते आणि पाऊस असला तर मंडपात पाणी असते. तुमची हजेरी घटण्याचे निम्मे कारण हेच असावे असे मला वाटते, तरुणांची अनास्था नव्हे. नागपंचमीला मात्र औत चालत नाही, जमीन खणत नाहीत, माणसे घरीच असतात आणि माहेरवाशिणी गावात आलेल्या असतात. तेव्हा तारखेला सकाळी शाळेत झेंडा, प्रभातफेरी आणि नावांचे वाचन एवढेच ठेवा, आणि मोठी सभा नागपंचमीला संध्याकाळी पाचच्या सुमारास पारावर घ्या. माहेरवाशिणींपैकी कोणाच्या आजीने १९४२ पाहिले होते हे विचारून तिला आधीच निरोप द्या, आणि चोळकरांची गोष्ट तिच्या बोलण्यानंतर सांगा, आधी नको.